फॉग लाइट बंपरमध्ये इतके खाली का असतात? आणि ते नेमके कधी लावायचे?

डिसेंबर-जानेवारीत पहाटे वज्रेश्वरीला गाडीने गेला असाल, तर तिथलं धुकं तुम्हाला माहीत असेल. अंबाडी नाक्यापर्यंत रस्ता बरा दिसतो. तिथून वज्रेश्वरीकडे वळलात आणि तानसा नदीजवळ आलात, की पुढची गाडी अचानक गायब होते. मुंबई-अहमदाबाद हायवेवरच्या शिरसाड फाट्यावरून मांडवी, पारोळ, उसगाव असे आलात तरी तोच अनुभव. अशा वेळी चालवणारा पहिली गोष्ट काय करतो? अप्पर मारतो. आणि समोर रस्त्याऐवजी पांढरी भिंत उभी राहते.

मग आठवतं की आपल्या गाडीला फॉग लाइट पण आहेत. बटण दाबतो, बंपरमधले दिवे लागतात, आणि आपल्याला वाटतं की आता काम झालं, स्पीड वाढवायला हरकत नाही. खरा धोका इथेच आहे. फॉग लाइट हा जास्तीचा हेडलाइट नाही. तो फार लांबचं दाखवतच नाही, तसा बनवलेलाच नसतो. तो काय दाखवतो, किती अंतरावर दाखवतो आणि त्यावरून तुमचा स्पीड किती असायला हवा, हे सगळं त्याच्या जागेवरून ठरतं. आज तेच नीट समजून घेऊया.

वज्रेश्वरीला धुकं का साचतं?

हवामानशास्त्रात १००० मीटरपेक्षा कमी दिसायला लागलं की त्याला धुकं म्हणतात. भारतीय हवामान विभाग ५० ते २०० मीटर दृश्यमानता असेल तर दाट धुकं म्हणतो, आणि ५० मीटरच्या आत गेली की अतिदाट.

हिवाळ्यात आकाश निरभ्र असतं. रात्री जमीन आपली उष्णता वर सोडून देते आणि थंड होते. तिला लागून असलेली हवाही थंड होते. वारा नसेल तर ही जड, थंड हवा सखल भागात उतरून बसते. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी हा सगळा पट्टा तानसा नदीच्या काठचा, म्हणजे ओलावा भरपूर. या हवेतल्या वाफेचे बारीक थेंब होतात आणि धुकं तयार होतं. म्हणून चढावर रस्ता मोकळा असतो आणि उतरून नदीकडे आलं की एकदम धुकं लागतं.

पावसाळ्यात कसारा, माळशेज किंवा आंबोली घाटात दिसतं ते धुकं वेगळं. तिथे ढगच रस्त्यावर उतरलेला असतो. पण दिव्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, कारण दोन्हीकडे हवेत पाण्याचे थेंबच असतात.

आधी फोनच्या फ्लॅशने समजून घेऊ

रात्री पावसात फ्लॅश लावून फोटो काढलाय? फोटोत सगळीकडे पांढरे गोल ठिपके येतात आणि मागचा माणूस अंधारात राहतो. कारण सोपं आहे. फोनमध्ये फ्लॅश आणि लेन्स अगदी शेजारी-शेजारी असतात. फ्लॅशचा प्रकाश जवळच्या थेंबांवर आपटून सरळ लेन्समध्ये परत येतो. थेंब चमकतात, वस्तू हरवते.

आता एक प्रयोग करा. पहाटे धुक्यात मोकळ्या जागेत उभे राहा आणि फोनचा टॉर्च कपाळाजवळ धरून समोरच्या जमिनीकडे बघा. पांढरा पडदा दिसेल. मग हात खाली सोडून टॉर्च गुडघ्याच्या उंचीवर धरा आणि प्रकाश जमिनीलगत जाऊ द्या. जमीन, दगड, गवत जास्त स्पष्ट दिसायला लागेल. फोन तोच, टॉर्च तोच, फक्त प्रकाश डोळ्यापासून लांब गेला.

अप्पर म्हणजे कपाळाजवळचा टॉर्च आणि फॉग लाइट म्हणजे गुडघ्याजवळचा टॉर्च.

खाली असण्याचा फायदा किती? छोटासा हिशोब

साध्या कारमध्ये बसल्यावर चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यापासून साधारण १३० सेंटीमीटर उंचीवर असतात असं धरू. फॉग लाइट ४० सेंटीमीटरवर आहे. तुम्ही समोर १५ मीटरवरचा रस्ता बघताय. तुमची नजर १३० सेंटीमीटरवरून उतरत उतरत १५ मीटरवर शून्यावर येते.

फॉग लाइटचा झोत वर जातच नाही, तो ४० सेंटीमीटरच्या खालीच राहतो. म्हणजे तुमची नजर पहिले सुमारे १० मीटर अशा धुक्यातून जाते जिथे या दिव्याचा थेट प्रकाश पडलेलाच नाही. न उजळलेलं धुकं डोळ्यांवर फारसं चमकत नाही. शेवटच्या ५ मीटरमध्येच नजर आणि प्रकाश एकत्र येतात, आणि तिथेच तुम्हाला रस्ता बघायचा असतो.

हाच दिवा टपावर बसवला तर? मग नजर पहिल्या मीटरपासून शेवटपर्यंत उजळलेल्या धुक्यातूनच जाते. काही जण जीपच्या टपावर लांबलचक एलईडी बार लावून त्याला फॉग लाइट म्हणतात. धुक्यात त्याचा उलटाच परिणाम होतो.

इथे एक गैरसमज दूर करू. बऱ्याच ठिकाणी सांगतात की धुकं जमिनीपासून थोडं वर तरंगतं आणि फॉग लाइटचा प्रकाश त्याच्या खालून जातो. नदीकाठचं हिवाळी धुकं जमिनीपासूनच सुरू होतं, बऱ्याचदा तिथेच जास्त दाट असतं. दिवा खाली ठेवण्याचं मुख्य कारण आहे नजर आणि प्रकाश यांच्यातलं अंतर.

जागेचे नियम

भारतात गाडीवरच्या दिव्यांच्या जागा एआयएस-००८ या मानकात ठरवलेल्या आहेत. जगातल्या बऱ्याच देशांत संयुक्त राष्ट्रांची ४८ क्रमांकाची नियमावली चालते. त्या नियमावलीनुसार कारच्या पुढच्या फॉग लाइटसाठी असं आहे:

- दिवे दोन हवेत.
- जमिनीपासून किमान २५० मिलिमीटर आणि जास्तीत जास्त ८०० मिलिमीटर उंचीवर.
- डिप्परच्या दिव्यापेक्षा वर नकोत.
- गाडीच्या बाहेरच्या कडेपासून ४०० मिलिमीटरपेक्षा आत नकोत.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. दिवे जितके कडेला, तितका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाश पडतो. फॉग लाइटचा झोत मुद्दाम रुंद आणि चपटा केलेला असतो, आणि त्याची वरची कड पट्टीने कापल्यासारखी सरळ असते. पांढरी पट्टी, साइडपट्टी, वळणाची आतली बाजू, रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस, हे सगळं त्याला दाखवायचं असतं.

आपल्या भागात ही कड फार महत्त्वाची आहे. वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेशी जोडलेलं आहे. देवीच्या यात्रेला, नवरात्रात आणि एरवीही इथे पायी येणारे असतात. हिवाळ्यात मुंबईहून शिर्डीला निघालेल्या साईबाबांच्या पालख्या भिवंडी, शहापूर, कसारा या मार्गाने चालतात, आणि ऊन टाळायला त्यातले बरेच जण पहाटेच चालायला लागतात. शिवाय भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर रात्रभर चालू असतात, काही कडेला उभेही असतात. धुक्यात कडेला कोण आहे ते वेळेत दिसणं, यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो.

फॉग लाइट किती लांब दाखवतो?

फॉग लाइटचा झोत थोडा खाली झुकवून बसवतात, साधारण २ टक्के. म्हणजे दर १०० सेंटीमीटर पुढे गेल्यावर २ सेंटीमीटर खाली. दिवा ४० सेंटीमीटरवर असेल तर झोताची वरची कड जमिनीला कुठे टेकेल? ४० भागिले ०.०२, म्हणजे २००० सेंटीमीटर. म्हणजेच २० मीटर!

थोडक्यात, हा २० मीटरचा दिवा आहे. आता गाडी थांबायला किती अंतर लागतं ते बघू. ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला आणि रस्ता दवाने ओला आहे म्हणून ब्रेक थोडे कमी पकडतील असं धरलं, तर गणित असं येतं:

- ३० किमी स्पीड: सुमारे २० मीटर
- ४० किमी स्पीड: सुमारे २९ मीटर
- ६० किमी स्पीड: सुमारे ५३ मीटर
- ८० किमी स्पीड: सुमारे ८३ मीटर

६० च्या स्पीडला ब्रेकवर पाय जाईपर्यंतच गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे फॉग लाइटने दाखवलेला माणूस तुम्ही ब्रेक दाबण्याआधीच मागे पडलेला असतो, किंवा बंपरवर आलेला असतो.

म्हणून अतिदाट धुक्यात, फक्त फॉग लाइटच्या प्रकाशात रस्ता कळत असेल, तर ३० हाच खरा स्पीड. धुकं थोडं विरळ असेल आणि डिप्परमध्ये पुढचं दिसत असेल, तर दिसणाऱ्या अंतराच्या आत गाडी थांबेल एवढाच ठेवा. जर्मनीत ५० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तर ताशी ५० किमीच्या वर जाता येत नाही. तिथे बऱ्याच रस्त्यांच्या कडेचे खुंट ५०-५० मीटरवर असतात, त्यामुळे चालवणाऱ्याला अंतराचा अंदाज येतो. आपल्याकडे विजेचे खांब, झाडं किंवा मधल्या तुटक पांढऱ्या पट्ट्या बघून असाच अंदाज बांधता येतो.

पिवळा की पांढरा?

अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात हमखास ऐकायला मिळतं की पिवळा प्रकाश धुकं फोडून जातो. यामागे शाळेतला संध्याकाळच्या लाल आकाशाचा धडा असतो. पण तो हवेतल्या अतिसूक्ष्म रेणूंना लागू होतो. प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते, आणि धुक्याचे थेंब साधारण ५ ते २० मायक्रोमीटरचे, म्हणजे कितीतरी मोठे. एवढे मोठे थेंब सगळे रंग जवळपास सारखेच पसरवतात. धुकं पांढरं दिसतं ते त्यामुळेच.

मग पिवळ्याचा काहीच उपयोग नाही का? थोडा आहे, पण डोळ्यांसाठी. पिवळ्या दिव्यात निळा भाग कमी असतो, आणि निळसर पांढऱ्या प्रकाशाने डोळे जास्त दिपतात. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांचे हेडलाइट पिवळेच असायचे. नियमात पांढरा आणि पिवळा दोन्ही चालतात. तुम्हाला पिवळा बरा वाटत असेल तर घ्या. पण दिवा चुकीच्या जागी किंवा वर तोंड करून असेल, तर पिवळा रंग त्याला वाचवू शकत नाही.

मागचा फॉग लाइट: दिसण्यासाठी

पुढचा फॉग लाइट तुम्हाला बघायला मदत करतो. मागचा लाल फॉग लाइट तुम्ही इतरांना दिसावेत म्हणून असतो. तो किती प्रखर असतो बघा. नियमानुसार मागचा साधा लाल दिवा साधारण ४ ते १२ कँडेलाचा असतो, आणि मागचा फॉग लाइट १५० ते ३०० कँडेलाचा. किमान दहापट तरी जास्तच, बऱ्याचदा त्याहून पुष्कळ.

काही गाड्यांत तो एकाच बाजूला लागतो. बल्ब गेलाय असं समजू नका. एकच दिवा असेल तर तो चालवणाऱ्याच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे उजवीकडे असतो. ब्रेक लाइटपासूनही तो किमान १० सेंटीमीटर लांब ठेवतात, म्हणजे मागच्याला दोन्हीत फरक कळतो.

धुकं संपल्यावरही तो चालू राहिला, तर मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि तुमचा ब्रेक लाइट त्यात लपतो. मागे बाइकवाला असेल तर त्याला तुम्ही थांबताय हे उशिरा कळणार. तसंच धुक्यातही मागची गाडी अगदी जवळ येऊन तुमच्या मागोमाग चालू लागली असेल, तर तिने तुम्हाला पाहिलेलं आहे. तेव्हा बंद केला तरी चालतो.

डॅशबोर्डवरची खूण ओळखा

- हिरवी खूण, तिरक्या रेषा आणि त्यांना छेदणारी नागमोडी रेष: पुढचा फॉग लाइट.
- पिवळसर नारिंगी खूण, आडव्या सरळ रेषा आणि नागमोडी रेष: मागचा फॉग लाइट.
- निळी खूण: अप्पर. धुक्यात ही दिसली तर लगेच डिप्परवर या.

कधी लावायचे, कधी बंद करायचे?

ब्रिटनमध्ये एक सोपा निकष आहे: साधारण १०० मीटरच्या पुढचं दिसत नसेल तरच फॉग लाइट, आणि दिसायला लागलं की बंद. आपणही हाच धरू शकतो. जर्मनीत मागच्या फॉग लाइटसाठी तर मर्यादा ५० मीटरची आहे.

लावा: दाट धुकं असेल, घाटात ढग उतरला असेल, किंवा वायपर फुल स्पीडला असूनही समोरचं दिसत नाही इतका पाऊस असेल तर. सोबत डिप्पर चालूच ठेवा.

बंद ठेवा: स्वच्छ रात्री, शहरात, आणि नुसतं छान दिसतं म्हणून. ओल्या रस्त्यावर खालून येणारा प्रकाश परावर्तित होऊन समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय गाडीजवळचा रस्ता खूप उजळला की आपली नजर तिथेच अडकते आणि लांबचा अंधार जास्तच काळा वाटतो.

आणि हो, चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून ठेवू नका. घाटात हे फार दिसतं. तुम्ही वळणार आहात की नाही ते कुणालाच कळत नाही, आणि गाडी उभी आहे की चालू आहे तेही कळत नाही. ते दिवे बंद पडलेल्या किंवा थांबलेल्या गाडीसाठी आहेत.

'ऑटो' मोडवर विसंबू नका

तुमच्या फोनचा ब्राइटनेस आपोआप कमी-जास्त होतो, कारण त्यात प्रकाश मोजणारा सेन्सर असतो. गाडीच्या ऑटो हेडलाइटचं तंत्र तेच. सकाळी आठ वाजता धुकं असेल तर सेन्सरला भरपूर उजेड दिसतो, कारण धुकं पांढरं असतं. अंधार नाही म्हणजे दिवे नकोत, असा त्याचा निष्कर्ष. उजेड मोजणारा सेन्सर दृश्यमानता मोजत नाही.

त्यात डीआरएल म्हणजे दिवसा पुढे लागणारे दिवे चालू असतात, त्यामुळे आपल्याला वाटतं की दिवे लागलेत. पण बहुतेक गाड्यांत डीआरएलबरोबर मागचे दिवे लागत नाहीत. पुढून गाडी झगमगते, मागून ती अदृश्य असते. त्यामुळे धुक्यात स्विच हाताने हेडलाइटवर फिरवा.

बाहेरून बसवून घेताना

कंपनीने दिलेले नसतील आणि बाहेरून बसवणार असाल तर हे बघा:

- जागा: बंपरमध्ये दिलेली मूळ जागाच वापरा. बुलबार लावून त्यावर दिवे बसवू नका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ मध्येच बुलबारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे.
- रिले आणि फ्यूज: ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर करंट होतो. एवढा करंट थेट छोट्या स्विचमधून नेला तर वायर तापते. रिले आणि फ्यूज असलेलं वायरिंगच मागा.
- बल्ब: हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात एलईडी बल्ब घालणं हा सगळ्यात सामान्य जुगाड. पण आतला आरसा किंवा भिंग फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी आखलेलं असतं. एलईडीच्या चिपची जागा थोडी जरी वेगळी असली तरी झोताची सरळ कड विस्कटते आणि प्रकाश वर उडतो. म्हणजे फॉग लाइटचा मूळ गुणच जातो. एलईडी हवेच असतील तर पूर्ण दिवाच एलईडीसाठी बनवलेला घ्या.

घरच्या घरी तपासणी

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत खाली झुकलेला हवा. दिव्यापासून ८ मीटर पुढे, त्याच्या अर्धा मीटर उजवीकडे, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवता कामा नये. हाच आकडा आपण तपासणीला वापरू.

१. सपाट जागी, भिंतीपासून दिवे ८ मीटरवर येतील अशी गाडी उभी करा. टायरमध्ये हवा बरोबर हवी आणि डिकी रिकामी हवी.
२. जमिनीपासून फॉग लाइटच्या मध्यापर्यंतची उंची मोजा आणि तेवढ्या उंचीवर भिंतीला टेप लावा.
३. अंधार पडल्यावर फक्त फॉग लाइटचा झोत बघा. गरज असेल तर हेडलाइट पुठ्ठ्याने थोडा वेळ झाका, पण फार वेळ नको, ते तापतात.
४. झोताची वरची कड टेपच्या साधारण १६ सेंटीमीटर खाली दिसायला हवी. हाच तो २ टक्क्यांचा उतार.
५. कड टेपच्या वर असेल, तर दिव्यामागचा स्क्रू फिरवून ती खाली घ्या किंवा गॅरेजमध्ये करून घ्या.

सोबत दिव्याची काच पुसायला विसरू नका. इतक्या खाली असल्यामुळे सगळा चिखल आणि धूळ तिथेच बसते.

एवढं सगळं झाल्यावरही धुक्यात रस्ता अजिबात दिसत नसेल, तर पेट्रोल पंप किंवा हॉटेलसारखी रस्त्याबाहेरची सुरक्षित जागा बघून थांबा. साइडपट्टीवर गाडी उभी करू नका. सूर्य वर आला आणि जमीन तापली की नदीकाठचं धुकं बऱ्याचदा तासा-दोन तासांत उठतं. तेवढ्यात एक चहा होतो.